दादासाहेब फाळके यांचे ते तेरा महिने: वाटाण्याच्या रोपापासून ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत

दादासाहेब फाळके म्हणजे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, हे आपण शाळेत एका ओळीत शिकतो. पुढे त्यांच्या नावाचा पुरस्कार जाहीर झाला की बातमीत फोटो दिसतो आणि तेवढ्यावर विषय संपतो. पण स्वतःचा व्यवसाय सुरू केलेल्या, किंवा करायच्या विचारात असलेल्या माणसाच्या नजरेनं बघितलं, तर त्यांच्या आयुष्यातला एक छोटा तुकडा फार कामाचा आहे. 1 एप्रिल 1912 ला ते लंडनहून मुंबईत परतले. 3 मे 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या प्रेक्षकांसमोर आला. मध्ये गेले तेरा महिने.

सुरुवातीला त्यांच्याकडे एक कॅमेरा, थोडी यंत्रं आणि कर्ज होतं. नट नव्हते, कॅमेरामन नव्हता, लॅब नव्हती, गुंतवणूकदार नव्हता. शेवटी या सगळ्या गोष्टी होत्या आणि तयार माल विकूनही झाला होता. वर्षभरात माणूस व्यावसायिक म्हणून किती वाढू शकतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्याकडे क्वचित सापडतं. ते कसं घडलं, आणि त्यातलं तंत्रज्ञान नेमकं काय होतं, ते सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधीची पंचवीस वर्षं

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. 1885 मध्ये धुंडिराज मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. मग बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला, मूर्तिकाम, फोटोग्राफी, छपाईच्या प्रक्रिया असं बरंच काही हाताखालून गेलं. कलाभवनाचे प्रमुख गज्जर यांनी त्यांना तिथला फोटो स्टुडिओ वापरायला दिला होता.

यानंतरचा प्रवास आजच्या भाषेत सांगायचा तर करिअर बदलत राहण्याचा होता. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं, आणि तो धंदाही सुटला. जादूचे प्रयोग शिकले आणि स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावानं ते केलेही. पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली. स्वदेशीची चळवळ पेटली तेव्हा ती सोडली. लोणावळ्याला राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं काम केलं, मग स्वतःचा छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले. छापखाना चांगला चालू लागला आणि भागीदारांशी बिनसलं. फाळके बाहेर पडले.

वयाच्या चाळिशीला हातात काय उरलं? बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काहीच नाही. पण यादी करून बघा. कॅमेरा आणि लेन्स कळत होती. अंधारखोलीत बसून निगेटिव्ह धुणं कळत होतं. रसायनांची मापं माहीत होती. रंगवलेला पडदा, मूर्ती, पोशाख हे सगळं करता येत होतं. हातचलाखीनं नजर कशी फसवायची तेही ठाऊक होतं. सिनेमाला लागणारे जवळपास सगळे सुटे भाग या माणसाकडे आधीच जमले होते. ते एकमेकांना जोडलेले मात्र नव्हते.

एक सिनेमा, दोन आजारी डोळे आणि विम्याची पॉलिसी

1911 च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण यायला लागले. आपले देव, आपल्या कथा असे पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार डोक्यात बसला तो बसलाच.

मग त्यांनी अभ्यास सुरू केला. मिळेल तो सिनेमा बघायचा, घरी येऊन पुस्तकं आणि माहितीपत्रकं वाचायची, जुजबी साहित्य आणून प्रयोग करायचे. झोप जेमतेम. परिणामी डोळे गेले. काही काळ त्यांना जवळजवळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, पण धोक्याची घंटा वाजून गेली होती. ज्याचं सगळं पोट डोळ्यांवर अवलंबून आहे, त्यानं ते डोळेच पणाला लावले होते. घरात बायको, लहान मुलं. उत्पन्न शून्य. ओळखीच्या लोकांना हे वेड वाटत होतं, आणि त्यांचं फारसं चुकत होतं असंही नाही.

पैसे उभे केले ते आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून. म्हणजे आपण मेल्यावर कुटुंबाला जे मिळायचं, तेच जिवंतपणी धंद्यात घातलं. दुसरी पत्नी सरस्वतीबाई या निर्णयात त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या.

1 फेब्रुवारी 1912 ला फाळके लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ या चित्रपट-व्यवसायाच्या साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले. हिंदुस्थानच्या हवामानात हा धंदा जमेल का, अशी शंका त्या गृहस्थांनी काढली. पण हा माणूस हटणार नाही हे कळल्यावर त्यांनीच सेसिल हेपवर्थ या मोठ्या निर्मात्याकडे ओळख करून दिली. हेपवर्थ यांचा स्टुडिओ वॉल्टनला होता. तिथे फाळक्यांना सिनेमा तयार होण्याचे सगळे टप्पे प्रत्यक्ष बघायला मिळाले. परतताना त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र आणि इतर साहित्य विकत घेतलं, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली. दोन महिन्यांचा हा दौरा, त्यातला बराचसा वेळ बोटीवर गेलेला. प्रत्यक्ष शिक्षण झालं ते थोड्या दिवसांचं.

तेव्हाची फिल्म म्हणजे नक्की काय?

पुढची गोष्ट कळायला इथे थोडं तंत्रज्ञान समजून घेऊ.

फिल्म म्हणजे 35 मिलिमीटर रुंदीची लांबच लांब पारदर्शक पट्टी. तिच्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारा चांदीच्या क्षारांचा थर. एका फुटात 16 चित्रं, म्हणजे 16 फ्रेम बसतात. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण 16 फ्रेम या वेगानं चित्रण व्हायचं. म्हणजे हिशोब अगदी सोपा: एक फूट फिल्म, एक सेकंद सिनेमा.

आता ही पट्टी कॅमेऱ्यात नुसती सरकत राहिली तर चित्र फिस्कटेल. ती क्षणभर थांबली पाहिजे, झडप उघडून प्रकाश आत आला पाहिजे, झडप मिटली पाहिजे आणि मगच पट्टी पुढे गेली पाहिजे. सेकंदाला सोळा वेळा. हे करण्यासाठी पट्टीच्या दोन्ही कडांना छिद्रं असतात. यंत्राचे दात त्या छिद्रांत अडकून पट्टीला बरोबर एक फ्रेम पुढे ओढतात. प्रत्येक फ्रेमला एका कडेला चार छिद्रं. छिद्र जरा इकडे तिकडे झालं की पडद्यावरचं चित्र थरथरायला लागतं.

कच्ची फिल्म तेव्हा बिनछिद्रांचीही यायची. छिद्रं ज्यानं त्यानं पाडून घ्यायची. तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. सुदैवानं त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे मिणमिणत्या लाल दिव्यात काम करता यायचं. कॅमेऱ्याला मोटर नव्हती. हातानं हँडल फिरवायचं. हात हळू पडला की पडद्यावर माणसं पळायला लागणार, हात जोरात फिरला की रेंगाळणार.

चित्रण झालं की निगेटिव्ह रसायनांत धुवायची, वाळवायची. तिच्यावरून पॉझिटिव्ह प्रिंट काढायची, तीही धुवायची. नको तो भाग कापायचा, हवे ते तुकडे चिकटवायचे. यातली एक पायरी जरी घसरली तरी आधीच्या सगळ्या पायऱ्यांवरचा खर्च पाण्यात. आज मोबाइलवर व्हिडिओ काढताना एक बटण दाबून आपण हे सगळं उरकतो. फाळक्यांना यातली प्रत्येक गोष्ट मुंबईत, स्वतःच्या घरात उभी करायची होती.

आधी वाटाणा, मग हरिश्चंद्र

परत आल्यावर मोठ्या सिनेमाचा घाट लगेच घातला असता तर तो बहुधा फसला असता. फाळक्यांनी आधी कुंडीत वाटाणे पेरले.

कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर ठरावीक अंतरानं एकेक फ्रेम घेत राहिले. बी फुटतंय, कोंब वर येतोय, वेल चढतेय. हे सगळं पडद्यावर मिनिटभरात दिसायला लागलं. आज आपण याला टाइम-लॅप्स म्हणतो आणि फोनमध्ये त्याचा वेगळा पर्याय असतो. तेव्हा तो महिनाभर चिकाटीनं करायचा उद्योग होता. सेकंदाला 16 फ्रेम धरल्या तर मिनिटभराच्या फिल्मला 960 फ्रेम लागतात. ही मजल महिनाभरात गाठायची तर दिवसाला सरासरी 32. त्यात कॅमेरा हलता कामा नये, कुंडी हलता कामा नये.

या छोट्या फिल्मनं एकाच वेळी तीन कामं केली. एक, लंडनला जे पाहिलं ते आपल्या हातानं, आपल्या हवेत, आपल्या पाण्यात जमतंय की नाही याची खात्री झाली. छिद्रं पाडण्यापासून पडद्यावर दाखवण्यापर्यंत सगळी साखळी एकदा पूर्ण फिरून झाली. दोन, हे अगदी कमी खर्चात झालं. नट नाहीत, पोशाख नाहीत, पडदे नाहीत. चूक झालीच असती तर नुकसान थोड्या फिल्मचं आणि मूठभर वाटाण्यांचं. तीन, पैसे असलेल्या लोकांना दाखवायला हातात काहीतरी आलं. तोंडी सांगून ज्यांना पटलं नव्हतं, त्यांच्यातल्या काहींनी झाड वाढताना बघितलं आणि कर्ज द्यायला तयार झाले. सरस्वतीबाईंनीही आपले दागिने पुढे केले.

स्टार्टअपच्या जगात याला हल्ली प्रोटोटाइप म्हणतात. पण बरेच प्रोटोटाइप नुसते दिखाऊ असतात, आतलं यंत्र बनायचं बाकी असतं. वाटाण्याच्या फिल्ममागचं यंत्र पूर्ण चालू होतं.

त्याच वर्षातला दुसरा सिनेमा

गंमत म्हणजे फाळक्यांचं हे सगळं चालू असताना, 18 मे 1912 ला, मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘श्री पुंडलिक’ नावाचा चित्रपट लागला. तो दादासाहेब तोरणे यांचा. म्हणजे तारखेनं बघितलं तर तोरणे सुमारे वर्षभर आधी आहेत, आणि पहिला कोण हा वाद मराठी माणसं आजही मोठ्या हिरिरीनं घालतात.

वाद बाजूला ठेवून कामाची रचना बघू. ‘श्री पुंडलिक’ हे नाटकाचं चित्रण होतं. कॅमेरा ब्रिटिश माणसानं चालवला आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली. त्यात कमीपणा काहीच नाही. तोरणे पुढे या व्यवसायातले मोठे उद्योजक झाले, भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ तयार झाला तेव्हा ध्वनियंत्रं मिळवून देण्यातही त्यांचा वाटा होता. पण 1912 मध्ये दोघांचे मार्ग वेगळे होते. तोरण्यांनी महत्त्वाचे तांत्रिक टप्पे बाहेरून करून घेतले. फाळक्यांनी प्रत्येक टप्पा घरात आणला.

दुसरा मार्ग हळू आणि महाग असतो. पण त्याचा फायदा दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या चित्रपटाच्या वेळी दिसतो. फाळक्यांनी पुढच्या काळात नव्वदहून अधिक चित्रपट काढले, त्यामागे ही पहिल्या वर्षातली गुंतवणूक होती. त्या वर्षात त्यांनी एक चित्रपट केला हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चित्रपट काढण्याचा कारखाना केला.

हरिश्चंद्राची फॅक्टरी

कारखान्याला माणसं लागतात. तीच मिळेनात. सिनेमात काम करणं म्हणजे काय हेच कुणाला माहीत नव्हतं, आणि जे माहीत होतं ते चांगलं नव्हतं. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तरी हवी तशी माणसं आली नाहीत. स्त्री भूमिकेसाठी तर एकही बाई तयार होईना. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांनीही नकार दिला.

शेवटी ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके फाळक्यांच्या नजरेत भरले. नाजूक चण, लांब बोटं. हॉटेलात महिना 10 रुपये मिळायचे, फाळक्यांनी 15 देऊ केले. साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्राच्या भूमिकेला दत्तात्रय दामोदर दाबके आले. रोहिदास म्हणून फाळक्यांचा मुलगा भालचंद्र उभा राहिला. कॅमेऱ्यामागे त्र्यंबकेश्वरचे मित्र त्र्यंबक तेलंग. त्यांनाही कॅमेरा येत नव्हता, फाळक्यांनी शिकवला.

यातली भरतीची पद्धत बघण्यासारखी आहे. तयार माणूस बाजारात नव्हताच. त्यामुळे माणसाला आज काय येतं यापेक्षा तो काय शिकू शकेल, हे बघूनच निवड करावी लागली. साळुंक्यांचं पुढे काय झालं? 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये त्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. हॉटेलातून आलेला माणूस पाच वर्षांत देशभर ओळखला जाणारा नट झाला.

लोकांच्या टोमण्यांवर फाळक्यांनी साधा उपाय काढला. कुठे काम करता असं कुणी विचारलं, तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहोत असं सांगायचं. फॅक्टरीतली नोकरी कुणालाही कळते आणि कुणाला खटकत नाही. परेश मोकाशी यांच्या 2009 च्या चित्रपटाचं ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हे नाव इथूनच आलं.

घरातली लॅब आणि ती चालवणाऱ्या सरस्वतीबाई

फॅक्टरीचा पत्ता होता दादरचा मथुरा भवन बंगला. आज त्या रस्त्याला दादासाहेब फाळक्यांचंच नाव आहे. आवारात सेट, घरात अंधारखोली, आणि मंडळींचं जेवणखाण, राहणंही तिथेच.

या कारखान्याची तांत्रिक बाजू सांभाळण्यात सरस्वतीबाईंचा वाटा मोठा होता. फिल्मला छिद्रं पाडणं, रसायनं मिसळणं, फिल्म धुणं ही कामं त्या शिकल्या आणि करू लागल्या. उन्हात चित्रण चालू असताना पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर प्रकाश वळवायचं कामही त्यांनी केलं. विजेचे मोठे दिवे नव्हते, जे काही होतं ते ऊन. शिवाय एवढ्या सगळ्यांचा स्वयंपाक होताच.

छिद्रांचं काम किती होतं याचा अंदाज घ्या. तयार ‘राजा हरिश्चंद्र’ 3,700 फुटांचा होता. एका फुटात एका कडेला 64 छिद्रं, दोन्ही कडा मिळून 128. म्हणजे 3,700 फुटांना 4,73,600 छिद्रं. यंत्र मदतीला होतं हे खरं, पण पट्टी अंधारात सरळ धरून सरकवायची ती हातानंच. आणि हा आकडा फक्त शेवटी वापरलेल्या लांबीचा आहे. वाया गेलेली फिल्म आणि प्रिंटची फिल्म धरली तर तो कुठल्या कुठे जाईल.

इतिहासात एकाच माणसाला जनक म्हणतात. प्रत्यक्षात ही दोघांची कंपनी होती, फक्त पाटीवर नाव एकाचं होतं.

सहा महिने सत्तावीस दिवस

चित्रण आणि तयारी मिळून सहा महिने सत्तावीस दिवस लागले. दिवसभर ऊन असेल तेव्हा चित्रण, संध्याकाळनंतर अंधारखोली. त्या दिवशीचं काम नीट आलंय की नाही ते घरातच लॅब असल्यामुळे लवकर कळायचं. फिल्म लंडनला पाठवावी लागली असती तर चूक कळेपर्यंत महिने गेले असते आणि सेट मोडून झाला असता. चूक लवकर कळणं हा या साऱ्या मांडणीचा सर्वात मोठा फायदा होता. सॉफ्टवेअरवाले ज्याला झटपट फीडबॅक म्हणतात, तेच हे.

बाहेरगावचं चित्रण मुंबईजवळच्या वांगणीला झालं. तिथे तलवारी-भाले घेतलेली मंडळी बघून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखं वाटलं आणि प्रकरण फौजदारापर्यंत गेलं, अशी हकीकत सांगितली जाते. फाळक्यांनी कॅमेरा दाखवून सगळं समजावलं तेव्हा सुटका झाली.

जादूगार प्रोफेसर केल्फाही या वर्षात कामाला आले. देव एकदम प्रकट व्हायला हवा असेल तर कॅमेरा थांबवायचा, नटाला जागेवर उभं करायचं, इतरांनी पुतळ्यासारखं स्थिर राहायचं आणि हँडल पुन्हा फिरवायचं. पडद्यावर बघणाऱ्याला देव हवेतून आल्यासारखा दिसतो. काही वर्षांपूर्वी शिकलेली, कुणालाही वाया गेलीय असं वाटणारी विद्या अशी एकदम उपयोगी पडली.

बनवणं वेगळं, विकणं वेगळं

21 एप्रिल 1913 ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निवडक लोकांसाठी खेळ झाला. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी. तेच कोरोनेशन, जिथे वर्षभर आधी ‘श्री पुंडलिक’ लागला होता. सिनेमाच्या जोडीला नाच आणि करमणुकीचे इतर प्रकारही कार्यक्रमात ठेवले होते, कारण नुसता सिनेमा बघायला लोक येतील याची खात्री नव्हती. लोक आले. खेळाची मुदत वाढवावी लागली.

मुंबईबाहेर मात्र वेगळीच अडचण आली. नाटक थोड्या पैशांत पाच-सहा तास चालायचं. सिनेमा तासाभरात संपायचा आणि तिकीट जास्त. लोकांच्या हिशोबात हे बसेना. सुरतेला सुरुवातीला गल्ला अगदीच थोडा जमला, असं सांगतात. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात बदलली. वेळ सांगायचाच नाही. त्याऐवजी सांगायचं की तीन आण्यांत सत्तावन्न हजार फोटो बघा, दोन मैल लांबीचं चित्र बघा.

हे आकडे आपण तपासू. 3,700 फूट गुणिले 16, म्हणजे 59,200 फ्रेम. सत्तावन्न हजार हा आकडा जवळपास बरोबर आहे. दोन मैल मात्र नाहीत. 3,700 फूट म्हणजे पाऊण मैलाच्याही जरा आत. मालाचं मोजमाप सांगताना धंदेवाला थोडा मोकळा सुटला होता म्हणायचं. पण मुद्दा त्यांनी अचूक पकडला होता. ग्राहक नव्या वस्तूला जुन्या मापानं मोजत होता, म्हणून त्यांनी मापच बदलून दिलं.

जाता जाता एक तांत्रिक गोष्ट. या चित्रपटाची लांबी कुठे तासाभराची तर कुठे चाळीस मिनिटांची दिलेली आढळते. 3,700 फूट फिल्म सेकंदाला 16 फ्रेमनं चालवली तर सुमारे 62 मिनिटं लागतात, आणि बोलपटाच्या 24 फ्रेमच्या वेगानं चालवली तर सुमारे 41. फिल्म तीच, फरक यंत्राच्या वेगाचा.

जे त्या वर्षात शिकून झालं नाही

आता हिशोबाची दुसरी बाजू. तेरा महिन्यांत फाळके तंत्र शिकले, माणसं घडवायला शिकले, विकायला शिकले. पण भागीदार आणि भांडवल यांच्याशी जुळवून घेण्याचा प्रश्न सुटला नाही. छापखान्यातून ते याच कारणानं बाहेर पडले होते. पहिल्या यशानंतर त्यांनी बस्तान नाशिकला हलवलं, ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ केले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं, म्हणजे वर्षभरापूर्वी अशक्य वाटलेली गोष्टही झाली. 1914 मध्ये लंडनला जाऊन त्यांनी आपले चित्रपट दाखवले, तिथे काम करण्याची संधी आली तरी ती नाकारून परत आले. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं आणि पैसे देणारे मागे सरले.

1918 मध्ये भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ गाजले. पण खर्च, अधिकार आणि कामाची पद्धत यांवरून पुन्हा खटके उडाले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले. काही वर्षांनी परतले, पण आता त्यांच्या हाती पहिल्यासारखी सूत्रं नव्हती. तंत्रही पुढे निघून गेलं. 1932 चा ‘सेतुबंधन’ हा त्यांचा शेवटचा मूकपट आला तेव्हा बोलपट सुरू होऊन वर्ष झालं होतं. 1937 मध्ये कोल्हापूरसाठी ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट त्यांनी केला. शेवटची वर्षं नाशिकला, ओढगस्तीत गेली. 16 फेब्रुवारी 1944 ला ते वारले.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जो भाग जपलेला आहे, तो मूळ चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं रीळ. तोही फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचा असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घ्यायची आणि न पेटताही हळूहळू कुजायची, त्यामुळे एवढं उरलं हेच पुष्कळ.

आपल्या हिशोबासाठी

वर्ष संपलं की आपण उलाढाल बघतो, ग्राहक मोजतो, फॉलोअर मोजतो. फाळक्यांच्या त्या तेरा महिन्यांकडे बघून आणखी काही प्रश्न स्वतःला विचारता येतात.

वर्षाच्या सुरुवातीला जे दुसऱ्याकडून करून घ्यावं लागत होतं, त्यातलं आता काय आपल्या हातात आलंय? सगळ्यात महाग चूक करण्याआधी वाटाण्याएवढा स्वस्त प्रयोग आपण केला का? आपल्याबरोबरची माणसं वर्षभरात किती शिकली? चूक आपल्याला दुसऱ्या दिवशी कळते की सहा महिन्यांनी? आणि शेवटचा, जरा अवघड प्रश्न: मागच्या धंद्यात ज्या कारणानं अडलं होतं, तेच कारण या वर्षीही तसंच पडून आहे का?

पहिल्या चार प्रश्नांना 1913 च्या मे महिन्यात फाळक्यांकडे खणखणीत उत्तरं होती, म्हणून एक नवा उद्योग या देशात उभा राहिला. पाचव्याचं उत्तर राहून गेलं, आणि त्याची किंमत त्यांनी पुढची तीस वर्षं मोजली.